दोष केबलचा

"कनेक्टर सैल असणार, काकू. दहातल्या नऊ वेळा कनेक्टरच असतो."

शाब्बास रे गाढवा! हे वाक्य माझं आहे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मीच ते तुझ्या टाळक्यात हाणून हाणून बसवलं. पण ही दहावी वेळ आहे, शार्दूल. कनेक्टर नव्हे, मी आहे! तुझ्या कोपरापासून हातभर लांब, घशात नळी आणि डोळ्यांवर पट्टी घेऊन पडलेला तुझा नलवडे सर!

यातलं एक अक्षर त्याला ऐकू गेलं नाही. जाणार कसं? माझी जीभ हलत नाही, पापणी हलत नाही, श्वाससुद्धा उशाजवळचं मशीन घेतं. कान मात्र शाबूत आहेत. कातडीला स्पर्श कळतो. आणि डोकं पहिल्यासारखंच चालतं, म्हणजे तापलेलं. डॉक्टरांचं म्हणणं, आत कुणी आहे की नाही ते सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणे! मी आयुष्यभर वर्गात हजेरी घेतली आणि आता माझीच हजेरी लागत नाही.

मी दिगंबर नलवडे. पॉलिटेक्निकमध्ये उपकरणं शिकवली आणि घरी हॅम रेडिओ केला. हॅम म्हणजे परवाना घेऊन, गच्चीवर तार ताणून, जगभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी बोलणारा हौशी माणूस. साताऱ्यात आमच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याच्या दिशेने अँटेनाची तार गेलेली असायची आणि तिच्यावर उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, कपडे वाळत घालू पाहायची. त्यावरून आमची जी भांडणं व्हायची ती शेजाऱ्यांना पाठ होती.

उज्ज्वलेचा टायपिंगचा क्लास होता. डझनभर मशीन एकदम खडखडत असताना ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "ए शिंदे, करंगळी वापर!" कोणत्या मशीनवर कोण बसलंय ते तिला आवाजावरून कळायचं. मी विचारायचो, कसं कळलं? ती म्हणायची, तसं वाटलं. आणि मी चिडायचो. वाटलं म्हणजे काय? वाटण्याला काही एकक आहे का? मोजून सांग!

हे माझं ठरलेलं वाक्य होतं. दूध नासल्यासारखं वाटतंय, मोजून सांग. आज गारवा वाटतोय, मोजून सांग. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी चहा पीत होतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुमचं तोंड वाकडं वाटतंय मला."

"किती अंशांनी?" मी म्हणालो. "मोजून सांग."

मी माझ्याच विनोदावर हसलो, आणि माझ्या ओठांच्या कडेने चहा सदऱ्यावर सांडला. त्यानंतर मी काही बोललो नाही. अजून बोललेलो नाही.

आता त्या हजेरीच्या मशीनबद्दल सांगतो, कारण या घरात सध्या सगळं त्याच्यावर अडलंय. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला हजेरीचंच मशीन म्हणतात. ते निघालं आमच्याच हॅम लोकांच्या पेटीतून. आमच्याकडे अँटेना तपासायला ॲनालायझर असतो. तो अँटेनात बारीकशी लहर सोडतो आणि तिच्यातली किती परत आली ते मोजतो. सगळी लहर हवेत निघून गेली तर अँटेना उत्तम. बरीचशी परत आली तर काहीतरी बिघडलंय. या परतीच्या आकड्याला एक खोड आहे. अँटेनाजवळ माणूस येऊन उभा राहिला तरी तो बदलतो. माणूस म्हणजे शेवटी मिठाच्या पाण्याची पिशवी, आणि लहरींना ते पाणी कळतं. आम्ही हॅम लोक या खोडीला शिव्या घालत आलो.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की या खोडीचाच उपयोग करावा. लुळ्या पडलेल्या माणसानेसुद्धा हात आवळायचा मनापासून प्रयत्न केला, तर दंडाच्या स्नायूत किंचित ताण येतो. तो डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. पण छातीभोवती आणि दंडांभोवती तारेचं कडं ठेवलं तर परतीचा आकडा केसभर हलतो. डॉक्टर म्हणतात, असाल तर हात आवळा. आकडा हलला तर माणूस हजर. शांत राहा म्हणाल्यावरही हलला, किंवा एकदा हलला आणि एकदा नाही, तर निकालच नाही.

त्यावर कायदाही झाला. दोन चाचण्या जुळल्या आणि दोन्हींत गैरहजर निघाला, तर घरच्यांच्या संमतीने श्वासाचं मशीन काढता येतं. आकडे जुळले नाहीत तर मशीन चालू ठेवायचं.

माझे आकडे जुळत नव्हते.

पहिल्या हजेरीला डॉक्टर मोकाशीबाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "नलवडे सर, असाल तर उजवा हात आवळायचा प्रयत्न करा." मी प्राण पणाला लावले. काही नाही. माझ्या दंडांपर्यंत हुकूमच पोचत नाही, सगळ्या वाटा मेंदूच्या देठाशीच तुटल्यात. तेवढ्यात डाव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी गार लागलं. केबल! मशीनबरोबरची केबल टेबलापर्यंत पुरेना म्हणून उज्ज्वलेने माझ्या फडताळातली जुनी लांब केबल आणून दिली होती, आणि ती पलंगाच्या कडेने माझ्या पायाला टेकून गेली होती. मी अंगठा दाबला. आणि तो दबला! कुणाला दिसणार नाही इतका, तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढा, पण दबला.

"आला!" मोकाशीबाई ओरडल्या. "आकडा हलला!"

उज्ज्वला रडली. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

दुसऱ्या हजेरीच्या आधी तिने चादर बदलली आणि पाय सरकला. अंगठ्याखाली केबल नव्हती. आकडा ढिम्म. तिसऱ्या वेळी केबल परत टेकली आणि माझं डोकं फिरलं. नुसतं हो-नाही काय सांगायचं? मी जुना मोर्सवाला. मी अंगठ्याने मोर्स सुरू केला. एम आणि आय. दोन लांब, दोन आखूड. मी. मी. मी. डॉक्टर म्हणाल्या शांत राहा, तरी मी थांबलो नाही. इतक्या महिन्यांनी तोंड फुटलेला माणूस थांबेल होय?

"शांत राहायला सांगितलं तरी हलतोय," मोकाशीबाई म्हणाल्या. "निकाल बाद. मशीनमध्येच काहीतरी गोंधळ आहे. कंपनीचा माणूस लवकर मिळणार नाही."

तेव्हा उज्ज्वला जे बोलली ते मी विसरणार नाही. तिचा आवाज अगदी सपाट होता. "डॉक्टर, हे आत असतील तर मी मरेपर्यंत यांचं करीन. कंबर मोडली तरी करीन. पण नसतील तर मला सोडवा हो. हे असं मधलं मला सोसवत नाही. मी रात्रंदिवस कुणाची नळी साफ करते तेच मला माहीत नाही."

मग तिने शार्दूलला फोन केला.

शार्दूल कणसे माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आमच्या हॅम क्लबचा अध्यक्ष, आणि पुण्यात अँटेना बनवणाऱ्या कंपनीत तपासणीचा मुख्य. आपली पेटी घेऊन तो आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या कुणाला कळो न कळो, या पोराला कळेल.

आणि त्याने कनेक्टरपासून सुरुवात केली.

कनेक्टर उघडला, घासला, नव्याने डाग दिला. डाग देताना जळणाऱ्या रोझिनचा वास आला आणि माझं मन भरून आलं. आकडा तसाच नाचत राहिला, कारण मी अंगठा दाबतच होतो.

"मशीनच फसवत असेल का रे?" उज्ज्वलेने विचारलं.

"बघूया की. कडं काढून त्या जागी ठरावीक रोध लावतो. पन्नास ओहम. त्यावर आकडा हलला तर मशीन खोटं."

आकडा हलला नाही. मशीन खरं होतं. मग त्याने पंखा बंद केला, वायफाय बंद केलं, इन्व्हर्टर बंद केला, शेजारच्या मोबाइल टॉवरची लहर मध्ये घुसत नाही ना ते तपासलं. एकेक संशयित उभा करायचा, निर्दोष ठरला की सोडून द्यायचा. अगदी मी शिकवलं तसं. माझं काळीज त्याच्या कौतुकाने फुगत होतं आणि त्याच वेळी मी त्याला आतल्या आत लाखोली वाहत होतो. अरे, माणूस तपास! पलंगावरचा माणूस तपास!

"हे आकडे फार भरभर पळतात," शेवटी तो म्हणाला. "काट्याचं मीटर लावतो. जरा वेळ तुम्ही काट्यावर नजर ठेवा, काकू."

आता! मी सगळं बळ अंगठ्यात आणलं. दोन लांब, दोन आखूड. पुन्हा. दोन लांब, दोन आखूड.

मग माझ्या पायथ्याशी, पलंगाच्या लोखंडी दांडीवर, नखाचा आवाज झाला. टाऽक, टाऽक. टक, टक.

उज्ज्वला माझा मोर्स वाजवत होती. तिला मोर्सचं एक अक्षर येत नाही. ती नुसता काटा बघून ठेका धरत होती. पण ठेका माझाच होता! पहिला लांब ठोका मी जरा जास्त ताणतो, ती माझी जुनी सवय आहे, आणि तिने तोही ताणला.

"शार्दूल," ती म्हणाली. "हा यांचा हात आहे. पलीकडच्या खोलीतून मी जन्मभर ऐकलाय. हे असंच वाजवायचे."

"कुठं काय, काकू?"

"काट्यात! बघ ना. टाऽक, टाऽक, टक, टक."

शार्दूल उठला. "एम-आय होतं खरं," तो पुटपुटला. "पण थांबा हं. मोर्स शोधायला गेलं तर गळक्या नळातसुद्धा सापडतो. नीट बघूया. केबल कुठून आलीय?" आणि त्याने वाकून माझ्या पायाजवळची केबल उचलली.

उचलली! माझ्या अंगठ्याखालची गार रेघ निघून गेली.

"सर," तो मोठ्याने म्हणाला, "तुम्ही असाल तर पुन्हा करा."

मी हवेत अंगठा दाबत राहिलो. अरे, ठेव ती खाली! तुझ्या पाया पडतो, ठेव!

"काटा हलतोय का, काकू?"

"हलतोय. पण आता तसा नाही. नुसता थरथरतोय."

"बरोबर. माझा हात थरथरतोय, तसाच काटा थरथरतोय. ही बघा मूठ आवळली, वर गेला. सोडली, खाली आला. सर नव्हेत, काकू. माझा हात आहे. आणि मघाशी चादर असेल, मशीनचा श्वास असेल, काहीही असेल. दोष केबलचा आहे."

मग त्याने तिला समजावून सांगितलं, आणि काय सुंदर सांगितलं! लहर केबलच्या पोटातून जायला हवी. पण कडं जिथे जोडलंय तिथे अडवणारं काही नसेल, तर ती केबलच्या बाहेरच्या सालीवरून परत सरपटत येते आणि सगळी केबलच अँटेना बनते. मग कुणीही हात लावला, काहीही टेकलं, तरी आकडा बदलतो. कंपनीच्या केबलला काळी फेराइटची कडी असतात, ती ही वाट अडवतात. त्यांनाच चोक म्हणतात. घरच्या जुन्या केबलला ती नव्हती.

"सर वर्गात म्हणायचे," तो म्हणाला, "हात लावून आकडा बदलला तर अँटेनाला नावं ठेवू नका. दोष केबलचा. आधी चोक बसवा, मग तोंड उघडा."

म्हणायचो रे. म्हणायचो. पण अडवू नकोस ती वाट! बाकी सगळ्या तुटल्यात. त्या सालीवरून सरपटणारा मीच आहे!

खट. खट. खट. फेराइटची कडी केबलवर बसत गेली.

"आता तुम्ही केबल हातात धरा, काकू. दाबा. ओढा. काटा?"

"हलत नाही."

"बघितलंत? आता जे दिसेल ते खरं."

उज्ज्वलेने केबल हातातून सोडली. मग म्हणाली, "पण शार्दूल, तो ठेका..."

"काकू, तुम्हाला वाटणारच तसं. मलाही वाटलं क्षणभर."

"हो," ती म्हणाली. "मला मेलीला नुसतं वाटतंच. हे असते तर म्हणाले असते, मोजून सांग."

आणि दोघंही हसली. डोळे पुसत हसली, आवाजावरून कळलं.

दुपारी मोकाशीबाई आल्या. उज्ज्वलेने चादर सारखी केली, आणि केबल पुन्हा माझ्या अंगठ्याला टेकली. तीच गार रेघ. मला वेड्याला परत आशा वाटली. चोक कसा चालतो ते साताऱ्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, तरी वाटली.

"नलवडे सर, असाल तर उजवा हात आवळा."

मी दाबलं. अंगठ्यात पेटका येईपर्यंत दाबलं. मी, मी, मी, मी.

"शांत राहा. आता पुन्हा आवळा."

दाबलं.

"रेघ सरळ आहे," मोकाशीबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी दुसरी हजेरी घेतली. तीही सरळ. दोन्ही अगदी जुळल्या. आजवर एवढी स्वच्छ चाचणी आपण पाहिली नाही, असं त्या शार्दूलला म्हणाल्या. शार्दूलने नाक ओढलं आणि म्हणाला, "हे सगळं सरांनीच शिकवलंय, मॅडम."

माझा एवढा सन्मान रिटायर होतानासुद्धा झाला नव्हता.

संमतीच्या कागदावर सही करायला उज्ज्वलेने वेळ मागितला नाही. एवढंच म्हणाली, "परत उद्यावर नको. उद्या मला धीर होणार नाही." मग ती आत जाऊन साडी बदलून आली, नवी साडी चुरचुरते तसा आवाज आला. तिने माझे केस विंचरले, सदऱ्याची बटणं लावली. माझ्या कपाळाला तिची बोटं लागली, गार आणि साबणाच्या वासाची. इतक्या महिन्यांत तिने घाईशिवाय मला हात लावला तो तेव्हाच.

शार्दूल पाया पडायला पुढे आला. माझ्या ध्यानात आलं आणि मी तयार राहिलो. गुरूच्या पायांवर हात ठेवणार, म्हणजे अंगठ्यावर तळवा येणार! आला. जाडा, घट्टे पडलेला तळवा. मी दाबलं. पण पोरांचा नमस्कार तो. पायाला हात लावला, कपाळाला नेला, झालं. माझा पहिला लांब ठोकासुद्धा पुरा झाला नाही.

मग उज्ज्वला आली. तिने मला लग्नानंतर कधी वाकून नमस्कार केलेला नाही, मलाही तसलं आवडत नसे. आता ती पायथ्याशी बसली, आणि तिने डोकंच माझ्या पायांवर ठेवलं. तिचा गाल माझ्या डाव्या अंगठ्यावर होता. ओला, ऊबदार. आणि ती उठेना.

घाई करू नकोस, दिगंबर, मी स्वतःला बजावलं. नीट पाठव.

लांब. तो मी जरा ताणला, माझ्या सवयीने.

लांब.

आखूड. आखूड.

तिचं हुंदके देणं थांबलं. गाल तिथेच राहिला. मी पुन्हा पाठवलं, लांब, लांब, आखूड, आखूड, आणि तिची बोटं माझ्या घोट्याभोवती एकदम आवळली.

कळलं! उज्ज्वले, कळलं ना तुला! माझी गुणाची, माझी शहाणी बाई ती!

तिने झटकन डोकं उचललं. "डॉक्टर!"

"काय झालं?"

"यांच्या अंगठ्यात मला..."

"हललं काही?" मोकाशीबाईंनी मऊ आवाजात विचारलं. त्या वाकल्या, माझा अंगठा दोन बोटांत धरून बघितला, तळव्यावर नख ओढलं. "मला काही जाणवत नाही. कडं अजून लावलेलंच आहे. शार्दूल, रेघ बघा."

"सरळ आहे, मॅडम," शार्दूल म्हणाला. "एकदम सरळ. काकू, मशीन आता बरोबर आहे. मी स्वतः तपासलंय."

मी अंगठा दाबत होतो. दाबतच होतो.

"काकू?" शार्दूल म्हणाला. "नक्की काय झालं?"

उज्ज्वलेने माझ्या अंगठ्यावरचा ओलावा पदराने पुसला, माझ्या पायावरची चादर सारखी केली आणि ती उठून उभी राहिली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "नुसतं वाटलं."

मोकाशीबाईंच्या चपला माझ्या उशाजवळच्या श्वासाच्या मशीनकडे यायला लागल्या.